काचेवरची गर्दी: लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ऑनलाइन छायाचित्रसंग्रहाचे परीक्षण

जुन्या शहरांच्या रस्त्यांची छायाचित्रे पाहताना ज्यांची नजर इमारतींच्या आधी माणसांकडे जाते, अशांसाठी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या छायाचित्र विभागाची जी सूची इंटरनेटवर खुली ठेवली आहे, तिच्याइतकी उपयोगी सेवा माझ्या पाहण्यात नाही. या विभागात छायाचित्रे, मुद्राचित्रे, भित्तिपत्रके वगैरे मिळून दीड कोटीहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतील जो भाग डिजिटल स्वरूपात आला आहे, तोच पाहून संपणार नाही एवढा मोठा आहे. पाहण्यासाठी किंवा उतरवून घेण्यासाठी पैसे पडत नाहीत, नावनोंदणीही करावी लागत नाही. संग्रहाच्या आकाराचे कौतुक मात्र इतरत्र पुष्कळ झाले आहे. येथे पाहायचे ते एवढेच की, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रस्त्याने जाता जाता कॅमेऱ्यात सापडलेल्या अनोळखी माणसाच्या आयुष्याची कल्पना करू पाहणाऱ्याच्या हाती ही सेवा नेमके काय ठेवते, आणि कोणत्या ठिकाणी ती त्याला चकवते.

पहिली जमेची बाजू म्हणजे फाइलीचा आकार. या संग्रहातील रस्त्यांची सर्वांत देखणी छायाचित्रे डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीची आहेत. १८९० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिलेली ही कंपनी अमेरिकी शहरांची दृश्ये टिपून त्यांची पोस्टकार्डे आणि मोठी चित्रे विकत असे. १९२४ मध्ये ती आर्थिक अडचणीत सापडून रिसीव्हरच्या, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या, ताब्यात गेली आणि तिच्या काचेच्या निगेटिव्ह व पारदर्शिका पुढे निरनिराळ्या हातांतून फिरत लायब्ररीकडे आल्या. त्यांची संख्या २५,००० च्या वर आहे. त्यांतील कित्येक काचा ८ बाय १० इंचांच्या आहेत, म्हणजे निगेटिव्हच आजच्या वहीच्या पानाएवढी. एवढ्या मोठ्या काचेवर भिंगाने जे टिपले, ते स्कॅनमध्ये जवळजवळ सगळे उतरले आहे. पडद्यावर प्रथम जे लहान चित्र दिसते त्यात एक राखाडी रस्ता, काही घोडागाड्या आणि ठिपक्यांसारखी माणसे एवढेच असते, आणि बरेच पाहणारे तेथूनच परततात. चित्राखाली दिलेल्या पर्यायांतील सर्वांत मोठी टिफ फाइल, जी काही वेळा शंभर मेगाबाइटच्याही पुढे जाते, ती उतरवून घेतली की त्याच रस्त्याचा पोत बदलतो. दुकानाच्या काचेवर रंगवलेली अक्षरे वाचता येतात. वरच्या मजल्याच्या खिडकीत कोपर टेकून खाली पाहणारे कोणी सापडते, ज्याच्याकडे छायाचित्रकाराचेही लक्ष गेले नसावे. एखाद्याच्या बुटांची झिजलेली टाच दिसते, कोटाच्या कोपरावरचे ठिगळ दिसते, आणि मग त्या माणसाविषयी काहीही रचण्याची मोकळीक आपोआप कमी होते. माझ्या मते या सेवेचे खरे मोल त्यातच आहे: ती कल्पनेला खाद्य पुरवते आणि त्याच वेळी तिला वेसणही घालते.

या काचा वाचताना त्यांचे तंत्र ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण त्यावर माणसांचे दिसणे अवलंबून असते. छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या फ्रान्सच्या दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलवार दू तांपल या रस्त्याचे जे चित्र घेतले, त्यात वर्दळीचा रस्ता ओस दिसतो. काही मिनिटे चाललेल्या त्या टिपणात चालणारी माणसे व गाड्या उमटल्याच नाहीत, आणि बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस मात्र राहिला. जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्यानंतर हा काळ सेकंदाच्या अंशापर्यंत खाली आला, तरी सावलीच्या गल्लीत किंवा ढगाळ दिवशी १९०० च्या सुमारासही पावले पुसट होत, चाकांचे आरे विरघळत आणि घाईने रस्ता ओलांडणारा माणूस धुरकट पट्ट्यासारखा उरे. याचा अर्थ असा की, जुन्या छायाचित्रांतील रस्ते जे निवांत वाटतात, त्या निवांतपणाचा काही भाग शटरने निर्माण केलेला आहे. ज्याला वेळ होता तो स्पष्ट उमटला: खांबाला टेकलेला, दारात उभा असलेला, कॅमेरा पाहून थबकलेला पोरगा, चौकातला पोलीस. ज्याला कामावर पोहोचायचे होते तो पुसला गेला. टिफ फाइल मोठी करून या पुसट माणसांकडे मुद्दाम पाहावे. डोके हरवलेले असते, पण पाय जमिनीला टेकलेल्या क्षणी एखादा बूट अगदी रेखीव उमटलेला असतो.

रंगांचेही तसेच. त्या काळच्या साध्या काचांना निळा प्रकाश सहज कळे, तांबडा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे तांबडे कापड काळे उमटे, फिकट निळा झगा पांढरा दिसे, उन्हाने रापलेला चेहरा होता त्याहून सावळा होई आणि निळे डोळे काचेसारखे पारदर्शक वाटत. सगळ्या रस्त्याने सुतकी कपडे घातले आहेत असा जो समज जुन्या छायाचित्रांवरून होतो, त्यातील बराचसा दोष काचेकडे जातो. याउलट या संग्रहातील ज्या रंगीत चित्रांवर लोक सर्वाधिक भाळतात, ती फोटोक्रोम चित्रे आणखी सावधपणे पाहिली पाहिजेत. न्यू यॉर्कच्या मल्बेरी स्ट्रीटचे १९०० च्या सुमाराचे फोटोक्रोम जगभर फिरले आहे: हातगाड्या आणि भाजीचे ठेले, लोखंडी जिन्यांच्या उंच इमारती, आणि त्या गर्दीतून थेट कॅमेऱ्याकडे पाहत उभी राहिलेली माणसे. हा रंग मल्बेरी स्ट्रीटचा नव्हे. झुरिकच्या ओरेल फ्युसली या मुद्रणगृहात १८८० च्या दशकात निघालेल्या या पद्धतीत काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवरून प्रत्येक छटेसाठी वेगळा शिळाछापाचा दगड तयार करत आणि कोणत्या वस्तूला कोणती छटा द्यायची हे कारागीर ठरवत. तेव्हा एखाद्या बाईच्या शालीचा रंग पाहून तिच्या आवडीनिवडीविषयी बोलणे म्हणजे छापखान्यातल्या माणसाच्या आवडीनिवडीविषयी बोलणे होय. माणसांची उभी राहण्याची ढब, नजर, गर्दीतली अंतरे मात्र खरी आहेत, आणि त्या चित्रात तेवढेही पुष्कळ आहे.

सूचीतील नोंदी रुक्ष आहेत. काहींना हा दोष वाटेल. मला तो गुण वाटतो. चित्र कोणी घेतले, कोणत्या मापाच्या काचेवर, शीर्षक कुठून आले, कोणत्या संग्रहाचा भाग आहे, एवढेच तेथे लिहिलेले असते आणि चौकोनी कंसात जे येते ते सूचीकाराने ठरवलेले किंवा अंदाजाने भरलेले असते. डेट्रॉइट कंपनीच्या पुष्कळ चित्रांना '१९०० ते १९१० च्या दरम्यान' अशीच तारीख असते. इतरांना स्वामित्वहक्काच्या नोंदणीचे वर्ष असते आणि टिपणे त्याआधीचेही असू शकते. दहा वर्षांची ही फट कल्पनेसाठी फार मोठी आहे, कारण तेवढ्यात मूल तरुण होते आणि घोडागाडीवाला बेकार होतो. ती बुजवण्याचे काम पाहणाऱ्यावर सोडले आहे, आणि खरे सांगायचे तर यातच निम्मी गंमत आहे. स्त्रियांच्या झग्याच्या बाह्या खांद्याजवळ फुग्यासारख्या फुगलेल्या असतील, तर चित्र बहुधा १८९० च्या दशकाच्या मध्याचे. न्यू यॉर्कच्या रस्त्यावर पांढऱ्या गणवेशातला झाडूवाला दिसला, तर ते १८९५ च्या आधीचे असणार नाही, कारण शहराच्या सफाई खात्याचा प्रमुख जॉर्ज वेअरिंग याने त्या वर्षापासून झाडूवाल्यांना पांढरे कपडे दिले. डोक्यावर तारांचे जाळे दाट असेल, तर त्याच शहरात १८८८ च्या मार्चमधील हिमवादळानंतर तारा जमिनीखाली नेण्याच्या कामाला आलेला वेग आठवावा. ऋतू ओळखायचा तर पुरुषांच्या डोक्याकडे पाहावे. गवताच्या विणलेल्या हॅट अमेरिकी शहरांत सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच घालायच्या असा संकेत होता आणि तो इतका कडक होता की १९२२ मध्ये न्यू यॉर्कला पोरांच्या टोळ्यांनी मुदत उलटण्याच्या आधीच लोकांच्या डोक्यावरच्या हॅट हिसकावून फोडल्या आणि त्यातून काही दिवस दंगली चालल्या. सगळा फूटपाथ गवती हॅटनी भरलेला असेल आणि एकाच माणसाने काळी फेल्ट हॅट घातली असेल, तर त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहण्यास हरकत नाही.

या सेवेत एक संग्रह असा आहे की, त्यात रुक्ष नोंद हीच चित्राहून मोठी ठरते. लुईस हाइन याने बालमजुरीविरुद्ध झटणाऱ्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी या संस्थेसाठी १९०८ ते १९२४ या काळात काम करणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली. समितीने १९५४ मध्ये ती लायब्ररीला दिली. ५,१०० हून अधिक छायाचित्रे आणि ३५५ काचेच्या निगेटिव्ह असा हा ठेवा आहे. रस्त्यावर वर्तमानपत्रे विकणारी, तार पोहोचवणारी, बूट पुसणारी मुले त्यात मोठ्या संख्येने आहेत. हाइन चित्राइतकीच चित्रओळ काळजीने लिहीत असे. एक ओळ अशी आहे: सकाळचे ११, सोमवार, ९ मे १९१०, जेफरसन आणि फ्रँकलिन रस्त्यांच्या जवळचे वर्तमानपत्र वाटपाचे ठिकाण, आणि शेवटी एवढेच की सर्वजण सिगारेट ओढत होते. शहर सेंट लुईस. चित्रात धूर सोडणारी लहान मुले मोठ्या माणसांच्या ऐटीत उभी आहेत. पाहणाऱ्याचे लक्ष सिगारेटींवर खिळते, पण त्या ओळीतला जड शब्द 'सोमवार' हा आहे. मे महिन्यातल्या सोमवारी सकाळी ११ वाजता मूल शाळेत असायला हवे, आणि हे वाचणाऱ्याच्या लक्षात यावे म्हणूनच हाइनने घड्याळ पाहून वेळ लिहिली.

आता या एका ओळीवरून किती दूर जाता येते ते पाहा. ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड त्याच्या तीनच दिवस आधी, ६ मे रोजी वारला होता. हॅलेचा धूमकेतू आकाशात होता आणि १८-१९ मे च्या सुमारास पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार म्हणून वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले होते. म्हणजे ही मुले त्या दिवसांत जे ओरडून विकत होती, त्यात मेलेला राजा आणि जग बुडण्याची वार्ता असणार, आणि अशा बातम्यांना खप चांगला असतो, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. येथवरची कल्पना पुराव्याला धरून आहे. त्या मुलाला धूमकेतूची भीती वाटली का, हे मात्र काच सांगत नाही आणि कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. हाइनचेच दुसरे चित्र जर्सी सिटीचे, नोव्हेंबर १९१२ चे आहे: पायऱ्यांवर झोपलेला एक मुलगा आणि त्याच्याजवळची वर्तमानपत्रे. ते पाहून गहिवरणे सोपे आहे. पण बातमीपत्रे विकणारी मुले बहुधा अंक आधी रोखीने विकत घेत आणि अनेक ठिकाणी न खपलेले अंक त्यांच्याच अंगावर पडत. न्यू यॉर्कमध्ये १८९९ साली मुलांनी जो संप केला, तो शंभर अंकांचा घाऊक भाव ५० वरून ६० सेंट केल्याबद्दल होता आणि शेवटी प्रकाशकांनी न खपलेले अंक परत घेण्याचे मान्य केल्यावर तो मिटला. हे कळल्यावर त्या गठ्ठ्याकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते. ती मुलाची गुंतवणूक आहे आणि संध्याकाळनंतर तिची किंमत शून्य होणार आहे.

हाइनही निष्पक्ष नव्हता, हे विसरून चालणार नाही. त्याला कायदा बदलून हवा होता, म्हणून त्याने जी मुले निवडली ती त्या कामासाठी निवडली. डेट्रॉइट कंपनीला पोस्टकार्डे खपवायची होती, म्हणून तिच्या रस्त्यांवर ऊन पडलेले असते आणि दुकाने भरलेली असतात. या सेवेचा वापर करताना कोणतेही चित्र उघडण्याआधी ते कोणत्या संग्रहातले आहे आणि कोणासाठी घेतले गेले, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. दोन्ही संग्रहांत एकच शहर आणि एकच दशक पाहिले, तर दोन वेगळी शहरे पाहिल्यासारखे वाटते.

माझ्या मते या संकेतस्थळावरील सर्वांत मोलाची सोय फारशी कोणाच्या नजरेत येत नाही. चित्राच्या नोंदीत, क्रमांकानुसार शेजारची चित्रे पाहण्याचा एक दुवा असतो. तो दाबला की त्या चित्राच्या मागचे-पुढचे क्रमांक रांगेने दिसू लागतात. १९३५ ते १९४४ या काळात अमेरिकी सरकारच्या छायाचित्रकारांनी घेतलेल्या, सुमारे पावणेदोन लाख काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हच्या संग्रहात या सोयीचा खरा उपयोग कळतो, कारण तेथे एकाच माणसाची, एकाच कोपऱ्याची अनेक चित्रे लागोपाठ सापडतात. ज्यांना कधी शीर्षकही मिळाले नाही अशीही हजारो चित्रे त्यात आहेत. शेजारच्या चित्रावरूनच त्यांचे गाव आणि प्रसंग ओळखावा लागतो. प्रसिद्ध झालेले चित्र म्हणजे कोणीतरी केलेली निवड असते. शेजारच्या चित्रांत तोच माणूस पाठमोरा निघालेला असतो किंवा कॅमेरा दिसताच त्याच्या चेहऱ्यावरचे हसू मावळलेले असते. या प्रकल्पाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला सुरुवातीची काही वर्षे भोक पाडून बाद करत असे. त्या बाद चित्रांचेही स्कॅन उपलब्ध आहेत आणि त्यांत आकाशावर किंवा एखाद्याच्या चेहऱ्यावर मधोमध काळे वर्तुळ दिसते. छायाचित्रांच्या चाहत्यांनी हे एकदा तरी पाहावे, मात्र रात्री झोपण्यापूर्वी नको.

याच प्रकल्पातील छायाचित्रकार रसेल ली याने एप्रिल १९४१ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात ईस्टरच्या सकाळी घेतलेले एक चित्र खूप गाजलेले आहे. उत्तम शिवलेले सूट घातलेली पाच कृष्णवर्णीय मुले मोटारीच्या पुढच्या भागावर बसली आहेत आणि मधल्या मुलाचा रुबाब तर एखाद्या बँकेच्या मालकासारखा आहे. हे एकच चित्र पाहणारा त्या वस्तीच्या सुबत्तेविषयी किंवा त्या मुलांच्या घराविषयी सहज काहीतरी ठरवून टाकतो. लीने त्याच महिन्यात त्याच वस्तीत घेतलेली इतर चित्रे पाहिली की, एकाच खोलीत स्वयंपाक आणि झोपणे असलेली दाटीची घरे, सिनेमागृहापुढची गर्दी, दुकानाच्या गाळ्यात भरणारी चर्चे असे सगळे समोर येते. सूट हा ईस्टरचा होता. त्यामुळे मुलांचा रुबाब खोटा ठरत नाही. उलट त्यामागे घरातल्या कोणी किती आठवडे पैसे बाजूला टाकले असतील, कोणाचा कोट थोरल्याकडून धाकट्याकडे आला असेल, अशा अधिक खऱ्या प्रश्नांकडे आपण येतो. या चित्राच्या मूळ शीर्षकात मुलांसाठी वापरलेला शब्द आज अपमानास्पद मानला जातो. लायब्ररी अशी जुनी शीर्षके ऐतिहासिक नोंद म्हणून तशीच ठेवते. हे धोरण मला योग्य वाटते, कारण त्या काळी त्या मुलांना कोणत्या शब्दाने ओळखले जाई हेही त्यांच्या आयुष्याचाच भाग होते. शोध घेताना मात्र असे शब्द टाइप करावे लागतात, हे अवघडल्यासारखे होते.

लायब्ररीने २००८ च्या जानेवारीत फ्लिकर या छायाचित्रे मांडण्याच्या संकेतस्थळावर सुमारे ३,१०० चित्रे टाकून लोकांना त्यांवर माहिती लिहिण्याचे आवाहन केले. त्यांतील निम्मी बेन न्यूज सर्व्हिस या वृत्तसंस्थेची होती, जिच्या काचांवर हाताने खरडलेली नावे पुष्कळदा अर्धवट किंवा चुकीची असत. लोकांनी इमारती ओळखल्या, जुन्या वर्तमानपत्रांतून प्रसंग शोधून काढले, आणि पहिल्या वर्षातच पाचशेहून अधिक नोंदी त्यानुसार सुधारल्या गेल्या. तेथील टिप्पण्या आजही वाचनीय आहेत. त्यांत दोन प्रकारचे लोक दिसतात: एक, माणसाच्या चेहऱ्यावरून त्याची कहाणी लिहून मोकळे होणारे, दुसरे, मागच्या भिंतीवरच्या नाटकाच्या जाहिरातीवरून तारीख काढणारे. मला दुसरे अधिक कल्पक वाटतात.

ज्यांना हा छंद गांभीर्याने करायचा आहे, त्यांनी याच लायब्ररीचे आणखी दोन विभाग जोडीला घ्यावेत. आगीच्या विम्यासाठी तयार केलेल्या सॅनबॉर्न कंपनीच्या नकाशांची सुमारे सात लाख पाने लायब्ररीकडे आहेत आणि त्यांतील पुष्कळशी ऑनलाइन आहेत. या नकाशांत प्रत्येक इमारत दिसते, विटांची गुलाबी, लाकडाची पिवळी, राहती घरे आणि दुकाने अक्षरांनी दाखवलेली. छायाचित्रातील दुकानाच्या पाटीवरून इमारत नकाशात सापडली की, दारात उभ्या असलेल्या माणसाच्या मागे काय होते हे कळते: वर खोल्या होत्या की गोदाम, मागच्या अंगणात तबेला होता की कारखाना, शेजारची भिंत लाकडी होती की विटांची. रात्री त्याला कसला आवाज येत असेल आणि कशाचा वास येत असेल, याची कल्पना मग हवेत राहत नाही. दुसरा विभाग जुन्या अमेरिकी वर्तमानपत्रांचा. त्याची दोन कोटींहून अधिक पाने शब्दांनिशी शोधता येतात. छापील मजकुराचे यंत्राने केलेले वाचन बरेच चुकते, तरी एखाद्या रस्त्याचे नाव घालून शोधल्यास अपघात, चोऱ्या, भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती असा त्या रस्त्याचा रोजचा संसार हाती लागतो.

जुनी चित्रे रंगवून, चेहरे हलवून, डोळे मिचकवायला लावून देणाऱ्या ज्या सेवा अलीकडे निघाल्या आहेत, त्यांच्याशी या सेवेची तुलना अटळ आहे. त्यांचा परिणाम क्षणभर थक्क करतो हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांत भरलेला रंग आणि हालचाल दुसऱ्या हजारो चित्रांच्या सरासरीतून येते. त्या माणसाचे असे जे काही चित्रात होते, नेमके तेच त्या सरासरीखाली गाडले जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर केबल कारच्या पुढे कॅमेरा लावून घेतलेली एक मूकफीत लायब्ररीच्या संग्रहात आहे आणि तिच्या रंगवलेल्या आवृत्त्या कोट्यवधी डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. ती अनेक वर्षे १९०५ ची समजली जात होती. पुढे डेव्हिड कीन या चित्रपट-इतिहासकाराने मोटारींचे नोंदणी क्रमांक, रस्त्यावर साचलेले पाणी आणि त्या दिवसांतले पावसाचे वृत्तान्त पडताळून ती एप्रिल १९०६ च्या मध्याची, म्हणजे १८ एप्रिलच्या भूकंपाच्या काही दिवस आधीची असल्याचे दाखवले. रस्ता ओलांडणाऱ्या त्या माणसांकडे पाहण्याची दृष्टी एका गाडीच्या क्रमांकाने जेवढी बदलली, तेवढी कोणत्याही रंगाने बदललेली नाही. त्याच फितीत काही मोटारी कॅमेऱ्यापुढून पुन्हा पुन्हा वळसा घालून जाताना दिसतात, म्हणजे ती वर्दळही काही प्रमाणात घडवून आणलेली असावी. मूळ प्रत शांतपणे पाहणाऱ्याला हे दिसते.

उणिवा आहेत. शोधयंत्र सूचीकाराने वापरलेल्या शब्दांपुरतेच चालते. चित्रात काय आहे हे त्याला कळत नाही. कोपऱ्यात उभी असलेली फुलवाली शीर्षकात नसेल, तर ती कितीही स्पष्ट दिसत असली तरी शोधात येणार नाही. यावर उपाय म्हणजे लायब्ररीच्या स्वतःच्या विषयसूचीतील शब्द वापरणे: फेरीवाल्यांसाठी 'पेडलर्स', पादचाऱ्यांसाठी 'पेडेस्ट्रियन्स', आणि शहरी जीवनासाठी 'सिटी अँड टाउन लाइफ'. भौगोलिक समतोलही नाही. अमेरिकेबाहेरची शहरे या संग्रहात आहेत, पण ती बहुतांशी प्रवाशांनी, मिशनऱ्यांनी किंवा चित्रे विकणाऱ्या कंपन्यांनी टिपलेली आहेत, आणि तेथे रस्त्यावरचा माणूस 'स्थानिक नमुना' म्हणून उभा केलेला अधिक आढळतो. स्वामित्वहक्क स्पष्ट नसलेल्या काही चित्रांचे लायब्ररीच्या आवाराबाहेर केवळ लहान रूप दिसते, आणि चेहरे पाहण्यासाठी आलेल्या माणसाला ते निरुपयोगी आहे.

जाता जाता न्यू यॉर्कच्या नगर अभिलेखागाराच्या सेवेचा उल्लेख करायला हवा, कारण एका बाबतीत ती लायब्ररीवर मात करते. करआकारणीसाठी १९३९ ते १९४१ या काळात त्या शहराच्या पाचही विभागांतील प्रत्येक इमारतीचे छायाचित्र घेतले गेले, आणि २०१८ पासून ही सात लाखांवर चित्रे ऑनलाइन पाहता येतात. कॅमेरा इमारतीकडे रोखलेला, खाली गट आणि भूखंडाच्या क्रमांकाची पाटी धरलेली, आणि त्यात चुकून सापडलेली माणसे: बाबागाडी ढकलणारी बाई, पायरीवर बसलेला म्हातारा, पाटीकडे संशयाने पाहणारा दुकानदार. त्यांना कोणी निवडले नव्हते. स्पष्टतेत ही ३५ मिलिमीटरची चित्रे काचेच्या जवळपासही येत नाहीत, पण पत्त्यावरून माणसांपर्यंत पोहोचायचे असेल तर सुरुवात येथून करावी, कारण १९४० च्या जनगणनेची कुटुंबवार पानेही खुली आहेत आणि ती त्याच घरांची आहेत. तेथे पोहोचल्यावर कल्पनेचे काम संपून खऱ्या कुटुंबाची माहिती सुरू होते. त्यांची नातवंडे हयात असू शकतात, तेव्हा सापडलेल्या नावाला आपली रचलेली गोष्ट चिकटवून ती चारचौघांत मांडताना हात आखडता घ्यावा.

नव्याने येणाऱ्याने डेट्रॉइट संग्रहातील एखादा बाजाररस्ता निवडावा, टिफ फाइल संगणकावर उतरवावी, कारण मोबाइलच्या पडद्यावर यातले काहीच जमत नाही, आणि चित्राचे भाग पाडून डावीकडून उजवीकडे सावकाश पाहत जावे. चित्र पुढे कोठे छापायचे किंवा वापरायचे असल्यास नोंदीतील हक्कांविषयीची ओळ वाचावी. डेट्रॉइट, बेन आणि हाइन यांच्या बहुतेक चित्रांपुढे 'प्रकाशनावर ज्ञात निर्बंध नाहीत' अशा अर्थाची नोंद असते. लायब्ररी मूळ संग्रहाचे नाव आणि चित्राचा क्रमांक सोबत द्यावा अशी अपेक्षा ठेवते, आणि तो क्रमांक नोंदीतच दिलेला असतो.